हिरव्या टोपणाची हवा

बाळांनो, एक मोठा श्वास घ्या. छाती भरून घ्या आणि थोडा वेळ आत धरून ठेवा. आता अशी कल्पना करा की तुम्ही आत घेतलेली हवा म्हणजे पाच संत्री आहेत. त्या पाचांतल्या एकाच संत्र्याला तुमचं शरीर हात लावतं. त्याच्याही सगळ्या फोडी ते खात नाही, दोन-चार घेतं आणि बाकीच्या परत पाठवतं. त्या संत्र्याचं नाव ऑक्सिजन. उरलेली चार संत्री जशी आत गेली तशीच्या तशी बाहेर येतात. त्यांचं नाव नायट्रोजन. अगदी काटेकोर बोलायचं तर त्या चारांत चिमूटभर आणखीही काही असतं, पण ते आज राहू द्या.

सोडा आता श्वास. चेहरे लाल झालेत तुमचे.

आता तीच पाच संत्री तुमच्या छातीऐवजी एका मोटारसायकलच्या चाकात भरली आहेत, आणि ती मोटारसायकल युगांडातल्या टोरो मुलखात, रुहोको नाक्यावर, अवोकाडोच्या झाडाखाली ओळीत उभी आहे, असं डोळ्यांसमोर आणा. या मोटारसायकलींना तिकडे बोडा म्हणतात. मागे माणूस बसतो, मध्ये पोतं, पुढे कोंबडी, आणि बोडा निघते. नाक्यावर ओळ असते. गिऱ्हाईक आलं की ओळीतली पहिली बोडा निघायची, मग दुसरीची पाळी. ओळीत जागा नसेल तर गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक नाही तर संध्याकाळची चूल नाही. इतकं ते सरळ आहे.

या ओळीत एकच बाई होती. तिचं नाव बिरुंगी. पण नाक्यावर तिला बिरुंगी कुणी म्हणत नसे. टोरोत प्रत्येकाला आपल्या नावाशिवाय आणखी एक नाव असतं, मायेचं आणि मानाचंही. सगळ्या मुलखात मिळून अशी नावं डझनभरच, तीच सगळ्यांनी वाटून घ्यायची. हाक मारायची ती त्याच नावाने, मग समोर आजोबा असोत की पाळण्यातलं बाळ. नुसतं खरं नाव घेऊन कुणी हाक मारली तर समजावं, काहीतरी बिनसलंय. बिरुंगीचं मायेचं नाव अड्येरी. तिच्याजवळ राहणारी तिची भाची सहावीत होती, तिचं अकीकी. आपण तिला अकीकीच म्हणू.

अकीकीला प्रश्न विचारायची खोड होती. आत्या म्हणायची, "ही पोरगी झोपेतसुद्धा 'का' म्हणते."

ही जागा अड्येरीला कुणी फुकट दिली नव्हती. पहिल्यांदा ती बोडा घेऊन नाक्यावर आली तेव्हा बाकीचे हसले होते. तिला ओळीच्या शेवटी उभं केलं, आणि पाळी आली की कुणीतरी मध्येच घुसायचं. ती भांडली, रोज आली, भर पावसात उभी राहिली. शेवटी घुसणारेच कंटाळले. तेव्हापासून ती जागा तिची.

मग उताराखालच्या पुलाजवळ नवा पेट्रोलपंप सुरू झाला, आणि तिथे नायट्रोजनचं यंत्र आलं.

एके सकाळी पेट्रोलपंपाचा एक तरुण नाक्यावर आला. चकचकीत बूट, तोंडात गोड भाषा. तो म्हणाला की विमानाच्या चाकात नायट्रोजन असतो. चाकातून तो लवकर झिरपत नाही. कोरडा असतो, आतून गंज धरू देत नाही. त्यात साधी हवा मिसळली तर त्याचा फायदा कमी होतो. हे सगळं खरंच होतं, बरं का. खोटं बोलायला तो आलाच नव्हता. ज्याने नायट्रोजन भरला त्याच्या चाकाच्या व्हॉल्व्हवर तो हिरवं टोपण लावून देई, म्हणजे लांबून ओळखू यावं.

नाक्याचा चेअरमन होता रवाबुहिंगा, मायेचं नाव अराली. उंच माणूस, गळ्यात शिट्टी. त्याने त्या तरुणाचं बोलणं मन लावून ऐकलं. त्याला कारण होतं. मागच्या पावसाळ्यात नाक्यावरच्या काहवाचं चाक वळणावर फुटलं होतं. अरालीने त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं होतं. काहवाचा पाय अजून सरळ झालेला नव्हता. तेव्हापासून टायरचा आवाज झाला की अराली दचकायचा.

दुसऱ्या दिवशी त्याने शिट्टी मारली.

"ऐका रे! सगळ्यांनी नायट्रोजन भरायचा. हिरवं टोपण असेल तोच ओळीत. आणि एकदा नायट्रोजन भरला की साधी हवा अजिबात मारायची नाही. मिसळली की चाक फुटतं."

"फुटतं असं तो म्हणाला?" अड्येरीने विचारलं.

"मिसळू नका म्हणाला. उगाच म्हणेल का?"

"अराली, पायपंप माझ्या घरी आहे. हवा फुकट आहे. मी कशाला विकत घेऊ?"

"काहवाला विचार कशाला ते."

"काहवाला मधे आणू नका. माझ्या चाकात कुठली हवा असावी हे मी ठरवीन."

अपूली नावाचा एक बोडावाला होता, नाक्यावरचा गमत्या. तो म्हणाला, "अड्येरी, घे ना एक टोपण. हिरवा रंग तुला खुलून दिसतो."

"तुम्हाला पण खुलतो. बेडकालाही खुलतो," अड्येरी म्हणाली.

सगळे हसले. अराली हसला नाही. "महिनाअखेरच्या रविवारी दुपारी बैठक. तोपर्यंत टोपण दिसलं नाही तर ओळीतून बाहेर. समजलं, बिरुंगी?"

हसणं थांबलं. त्याने तिला बिरुंगी म्हटलं होतं. मागच्या सीटवर दप्तर घेऊन बसलेल्या अकीकीला गालात चापट बसल्यासारखं झालं.

आत्याने बोडा शाळेच्या वाटेला लावली. शाळा आली तशी अकीकी खाली उतरली आणि म्हणाली, "आत्या, साध्या हवेत काय असतं ते मी त्यांना दाखवीन."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

"आधी गणितात पास होऊन दाखव," आत्या म्हणाली. पण जाताना तिने मागे वळून पाहिलं.

आता अकीकीने काय केलं ते नीट ऐका, म्हणजे तुम्हालाही घरी करता येईल. तिने एक उंच काचेची बरणी घेतली. बाहेरून आत्याच्या नखं रंगवायच्या रंगाने आडव्या रेघा मारून तिचे पाच सारखे भाग केले. भांडी घासायची लोखंडी तारेची घासणी घेतली, लिंबाच्या रसात बुडवून धुतली आणि ओलीच बरणीच्या तळाशी घट्ट कोंबली. मग परातीत पाणी घेतलं, बरणी त्यात उपडी ठेवली, आणि ते सगळं उचलून अवोकाडोच्या झाडाखाली, बोडांच्या ओळीसमोर आणून मांडलं.

"हे काय आहे? जेवण?" अपूलीने विचारलं.

"हवा आहे. घासणी तिला खाणार आहे."

"घासणी हवा खाणार?"

"लोखंड गंजतं ना, तेव्हा ते हवेतला ऑक्सिजन घेतं. ऑक्सिजन संपला की तेवढी जागा रिकामी होईल आणि पाणी वर चढेल. नायट्रोजनला लोखंड हात लावत नाही. म्हणून तिथे पाणी थांबेल."

"कुठपर्यंत चढेल?"

"पहिल्या रेघेपर्यंत. पाचांतला एक भाग."

"माझं म्हणणं, वरपर्यंत," एकजण म्हणाला.

"माझं म्हणणं, बरणी फुटेल," अराली ओळीच्या टोकावरून म्हणाला.

बोडावाल्यांचा थांबण्याचाच धंदा, तेव्हा बरणीकडे बघायला वेळच वेळ. पहिल्या दिवशी पाणी जरासं हललं. अपूली येता-जाता वाकून बघायचा आणि घासणीला म्हणायचा, "खा गं बाई, लाजू नकोस." दुसऱ्या दिवशी घासणी तांबडी झाली होती आणि पाणी रेघेच्या जवळ आलं होतं. मग ते रेघेला टेकलं. आणि थांबलं. सगळ्यांनी पुढच्या सकाळी येऊन पाहिलं. पाणी तिथेच.

"वर का जात नाही?" अपूलीने विचारलं.

"ऑक्सिजन संपला. आता आत उरलाय तो नायट्रोजन. पेट्रोलपंपावर मिळतो तोच."

अपूलीने बोटाने चार रिकामे भाग मोजले. "म्हणजे माझ्या चाकात आधीपासूनच चार भाग हाच होता? मग मी विकत काय घेतलं?"

"पाचवा भाग काढून टाकण्याची मेहनत."

अड्येरीने टाळी वाजवली. "ऐकलंत? लुबाडणूक! सगळी लुबाडणूक!"

"नाही आत्या," अकीकी म्हणाली.

अड्येरीचा हात हवेतच राहिला.

"लुबाडणूक नाही. रबरातून ऑक्सिजन जरा लवकर झिरपतो, नायट्रोजन जरा हळू. त्यामुळे चाक थोडे जास्त दिवस टणक राहतं. शिवाय तो कोरडा असतो. थोडा फायदा आहे. विमानाला किंवा शर्यतीच्या गाडीला उपयोगी पडतो. आपल्याला एवढा नाही. आपलं चाक महिन्यात कितीदा पंक्चर होतं!"

"हे तू कुणाच्या बाजूने बोलतेयस गं?"

"हवेच्या."

आत्याने हेल्मेट डोक्यावर आदळलं आणि किल्ली फिरवली. त्या संध्याकाळी घरी कारो वाढताना (नाचणीच्या घट्ट उकडीसारखं असतं ते) तिने अकीकीच्या पानात नेहमीपेक्षा लहान गोळा टाकला. अकीकीने तो गुपचूप खाल्ला. थोड्या वेळाने आत्याने आपल्यातला अर्धा तिच्या पानात सरकवला.

"सगळंच खरं बोलायला पाहिजे असं कुठे असतं?" ती म्हणाली.

"अर्धं बोलले तर अराली उरलेलं अर्धं शोधून काढतील," अकीकी म्हणाली. "मग आपल्या अर्ध्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही."

आत्याने तिच्याकडे पाहिलं आणि वाटीत आणखी घेवड्याची आमटी ओतली.

बरणीमुळे अराली मात्र बदलला नाही. तो म्हणाला, "काचेच्या बरणीवर माणसं बसत नाहीत. चाकावर बसतात." आणि खरं सांगायचं तर त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही.

बैठकीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आत्या आणि अकीकी तळ्यांच्या बाजूला आजीकडे गेल्या होत्या. परत येताना चहाच्या मळ्यांमधल्या उतारावर त्यांना पुढे अपूलीची बोडा दिसली. दोन्ही बाजूंना मटोकेचे, म्हणजे शिजवायच्या हिरव्या केळ्यांचे, मोठमोठे घड बांधलेले. बोडा पुढे चालली होती आणि तिची शेपटी डावी-उजवीकडे डुलत होती.

"अपूली!" अकीकी ओरडली. "मागचं चाक बसलंय तुमचं!"

"माहीत आहे! हळू बोल, त्याला ऐकू जाईल!"

"थांबा!" आत्या म्हणाली. "माझ्याकडे पायपंप आहे!"

"साधी हवा नको! फुटेल! पुलापर्यंत नेतो असाच!"

पूल अजून कितीतरी लांब होता, आणि मध्ये वळण. वळणावर मागचं चाक वाटेल तिकडे गेलं. बोडा आडवी झाली. मटोकेचे घड चहाच्या झुडपांत उड्या मारत गेले आणि त्यांच्यामागे अपूलीही गेला.

दोघी धावल्या. अपूली झुडपात उताणा पडला होता. कानात चहाचं पान अडकलं होतं.

"मी मेलो का?" त्याने विचारलं.

"नाही. मेलेली माणसं इतकं बोलत नाहीत," आत्या म्हणाली. तिने त्याचे हातपाय चाचपले. कोपर सोलवटलं होतं, बाकी ठीक. मग ती त्याच्यावर खेकसली, "मागे कुणी बसलेलं असतं तर? एखादी लेकुरवाळी असती तर?"

अपूलीने कानातलं पान काढलं. आत्याने पायपंप काढला, हिरवं टोपण फिरवून काढलं आणि नळी जोडली.

"अड्येरी, नको ना."

"झाडामागे जा, भीती वाटत असेल तर."

तो खरंच गेला. कानांत बोटं घालून खोडाआडून बघत राहिला. आत्या पंप मारत होती. अकीकी हवा मोजायची कांडी लावून बघत होती. चाक फुगलं, गोल झालं, टणक झालं, आणि बस्स. अपूली हळूच पुढे आला. त्याने अंगठ्याने चाक दाबलं. मग पुन्हा दाबलं. मग त्याने ते हिरवं टोपण उचललं आणि गुपचूप परत बसवलं.

"चेअरमनला सांगू नका," तो म्हणाला. "माझी जागा जाईल. घरी चार तोंडं आहेत."

"मी नाही सांगणार," अकीकी म्हणाली.

दिला शब्द. लक्षात ठेवा हे.

रविवारी दुपारी सगळे जमले. बोडा ओळीत, चाकं धुतलेली, हिरवी टोपणं उन्हात चमकत होती. अड्येरीची बोडा तिच्या नेहमीच्या जागेवर उभी होती, काळ्या टोपणांची. ती तिच्यावर बसून होती, हाताची घडी घातलेली, हेल्मेट डोक्यावर.

अराली म्हणाला, "बिरुंगी, शेवटचं विचारतो."

"पहिल्यांदा जे सांगितलं तेच."

"मग बोडा ओळीतून काढ."

"तुम्ही काढा. मी बसलेली असताना ढकला."

कुणी पुढे झालं नाही. तेवढ्यात अकीकी हवा मोजायची कांडी घेऊन ओळीसमोर आली.

"लहान मुलांनी मध्ये बोलू नये," अराली म्हणाला.

"मी बोलत नाही. मोजते."

आणि ती आत्याच्या पुढच्या चाकापाशी खाली बसलीसुद्धा. कांडी लावली, आकडा सगळ्यांना दाखवला. जितकी हवी तितकी. मागचं चाक, तेही बरोबर. मग ती पुढच्या बोडाकडे गेली. हिरवं टोपण. कांडी अर्ध्यातच थांबली, म्हणजे हवा कमी. त्याच्या पुढची, तीही कमी. त्याच्या पुढची आणखी कमी.

"हे कसं?" एकजण म्हणाला. "नायट्रोजन आहे ना आत?"

"तुम्ही शेवटचं कधी मोजलंत?"

"नायट्रोजन असल्यावर कशाला मोजायचं?"

एका बोडाची दोन्ही हिरवी चाकं अगदी बरोबर निघाली. अकीकीने तेही तितक्याच मोठ्याने सांगितलं. त्या बोडाचा मालक म्हातारा होता, तो म्हणाला, "मी तर रोज सकाळी बघतो. आधीही बघायचो."

मग आली अपूलीची बोडा. मागचं चाक, कांडी पूर्ण वर. बरोबर.

"बघा!" अरालीने शिट्टी वाजवायचीच काय ती बाकी ठेवली. "केळी वाहून आणली काल यावर! चाक बघा, दगड आहे दगड! हा नायट्रोजन!"

अकीकीने तोंड उघडलं आणि मिटलं. आत्याने तिच्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलली असती तर बैठक तिथेच संपली असती. आत्यालाही ते कळत होतं, तीही बोलू शकली असती. पण शब्द दिला होता पोरीने. आत्या आकाशाकडे बघू लागली. अकीकी उठली, फ्रॉकला हात पुसले आणि पुढच्या बोडाकडे निघाली.

"थांब गं," अपूली म्हणाला.

त्याने टोपी काढली. डोकं खाजवलं. आज त्याला विनोद सुचत नव्हता.

"अराली, माझ्या त्या चाकात साधी हवा आहे. म्हणजे मिसळलेली. काल अड्येरीने मारली. त्याआधी मी तुझं ऐकून बसक्या चाकावर उतार उतरलो आणि चहाच्या मळ्यात जाऊन पडलो. हे बघ कोपर. मला काढायचं तर काढ. पण फुटलं नाही ते चाक. रात्री झोपेतून दोनदा उठून बघून आलो, फुटलं नाही."

अरालीने ते कोपर पाहिलं. मग हळूहळू म्हणाला, "काहवा पडला तेव्हा मी त्याला उचललं होतं. तुमच्यातल्या कुणाला त्याचं कण्हणं कानाजवळ ऐकावं लागलं नाही."

"ते खरं आहे," अपूली म्हणाला. "पण त्याचं चाक नेहमी बसलेलं असायचं, अराली. आपण त्याला चिडवायचो. म्हणायचो, तुझ्या चाकाने दुपारचं जेवलेलं नाही."

अकीकीने विचारलं, "बसलेलं चाक जास्त तापतं ना? सारखं दुमडतं म्हणून?"

दोन-तीन माना हलल्या.

मग ती अरालीच्याच बोडाशी गेली. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने नको म्हटलं नाही. कांडी लावली. पुढचं चाक कमी होतं. चांगलंच कमी.

"उद्या पेट्रोलपंपावर जाईन," अराली म्हणाला.

"आणि आज?"

"आज काय?"

"आज कुणी गिऱ्हाईक आलं तर? याच चाकावर नेणार?"

"पोरी, नियम सगळ्यांना सारखा असतो. तो मीच मोडू?"

"मग मी मोडते," अकीकी म्हणाली. आत्याच्या बोडाला बांधलेला पायपंप सोडून ती घेऊन आली. "तुमच्या चाकात मी साधी हवा मारते. मग चहाच्या कारखान्यापर्यंत जाऊन यायचं, त्याच वळणावरून. चाक फुटलं तर आत्या हिरवं टोपण लावेल. नाही फुटलं तर आत्याची जागा आत्याची, आणि साधी हवा मारायची की विकतची, हे ज्याचं त्याने ठरवायचं. पण मोजायचं सगळ्यांनी. रोज."

"आणि रिकाम्या बोडावर काय कळणार? वजन नको मागे?"

"मी आहे ना. मी बसते."

झाडाखाली एकदम कालवा झाला.

"अगं ए!" आत्या ओरडली.

"अड्येरी, हिला आवर!" अराली ओरडला.

आणि सगळे गप्प झाले. त्याने तिला अड्येरी म्हटलं होतं. काय बोलून गेलो ते त्याला स्वतःला सगळ्यांच्या शेवटी ऐकू आलं होतं.

अड्येरी बोडावरून उतरली नाही. जागा सोडली असती तर कुणी घुसलं असतं, ही जुनी सवय. तिने डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि बसल्या जागेवरून अकीकीकडे धरलं.

"मी कशाला आवरू?" ती म्हणाली. "त्या चाकात काय आहे ते तिला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे. तुम्हाला भीती वाटत असेल तर तसं सांगा, अराली."

अरालीने गळ्यातली शिट्टी काढली, खिशात ठेवली आणि बोडावर बसून दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं.

"मार पंप," तो म्हणाला.

अकीकीने त्याच्या पुढच्या चाकाचं हिरवं टोपण फिरवून काढलं आणि दातांत धरलं. नळी जोडली. पंपावर पाय ठेवून सगळं वजन टाकलं, कारण तिचं वजन ते किती. कुणी मदतीला आलं की मान हलवायची, नको म्हणून. मध्ये थांबून कांडी लावायची, पुन्हा पंप मारायची. घाम हनुवटीवरून टपकत होता. चाक जमिनीवरून वर उठलं, गोल झालं. तिने शेवटचं मोजलं, आकडा अरालीला दाखवला, दातांतलं टोपण काढून जागच्या जागी बसवलं. मग आत्याचं हेल्मेट डोक्यावर चढवलं, त्याचा पट्टा हनुवटीखाली ओढून घट्ट केला आणि अरालीच्या मागे चढून बसली.

"आत्या, जागा सोडू नकोस," ती म्हणाली. "आम्ही आलोच."

आणि तिने चेअरमनच्या पाठीवर, चला म्हणून, थाप मारली.